जुन्या तबकड्यांतला पियानो: कॉन्चेर्टो ऐकायला सुरुवात कशी करायची

सेलूसारख्या गावात राहून पियानो कॉन्चेर्टोचं वेड लागू शकतं का, तर लागतं. मला लागलं, आणि माझ्यामुळं इकडच्या चार-पाच जणांना लागलं, त्यातला एक कृषी सेवा केंद्र चालवतो, एक झेडपीच्या शाळेवर गुरुजी आहे. प्रत्येकानं पहिल्यांदा एकच विचारलं, सुरुवात कुठून करू? कारण नेटवर बघायला गेलं की शंभर नावं समोर येतात, प्रत्येक नावापुढं आकडे, कुणाचा ओपस कुणाचा के, एकेका रचनेची शेकडो रेकॉर्डिंगं, कुणी म्हणतं हे ऐका कुणी म्हणतं ते तर ऐकूच नका, आणि माणूस तिथंच थकून मोबाईल खाली ठेवतो. माझं सांगणं एवढंच आहे, एक रचना धरा, तिचं एक जुनं रेकॉर्डिंग धरा आणि महिनाभर तेवढंच ऐका. जुनंच का, तेही सांगतो, पण आधी ही चीज काय आहे ते बघू.

कॉन्चेर्टो म्हणजे काय

एक वादक आणि त्याच्यासोबत अख्खा ऑर्केस्ट्रा, हा कॉन्चेर्टो. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला स्टेजवरचा गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यापुढं येतो, तो हा नाही. इथं चाळीस-पन्नास, कधी ऐंशीसुद्धा माणसं बसलेली असतात, निम्म्याहून जास्त जणांकडं व्हायोलिनच्या घरातली लहानमोठी वाद्यं, बाकी बासरीसारखी फुंकायची, पितळी कर्णे आणि मागं नगाऱ्यासारखे टिंपनी. एकादशीच्या भजनाला तुम्ही कधी बसला असाल तर ह्याची मांडणी तुम्हाला आधीच माहीत आहे. बुवा एकटे चरण म्हणतात, टाळकरी तो उचलतात, लय चढत जाते, मग सगळे गप्प आणि बुवा परत एकटे. कॉन्चेर्टोत बुवा म्हणजे पियानो. फक्त इथले टाळकरी नुसते उचलून धरत नाहीत, ते आडवं बोलतात, वाद घालतात, कधी बुवाच्या आधी सगळा विषय मांडून मोकळे होतात आणि मग पियानोला त्यातून स्वतःची वाट काढावी लागते.

बहुतेक कॉन्चेर्टोचे तीन भाग असतात, जलद, विलंबित, जलद, आणि सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. पहिल्या भागाच्या शेवटाकडं सहसा ऑर्केस्ट्रा एका जागी थांबतो आणि पियानो एकटाच मोकळा सुटतो, त्याला कॅडेन्झा म्हणतात. पूर्वी वादक तिथं आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे, नंतर लिहिलेलं वाजवायची पद्धत पडली.

आपलं शास्त्रीय संगीत ऐकून कान तयार झालेल्यांना दोन गोष्टी सुरुवातीला खुपतात, मला पण खुपल्या. पहिली म्हणजे षड्ज हलतो. आपल्याकडं तानपुरा लागला की दोन तास षड्ज जागचा हलत नाही, इथं मात्र पाच मिनिटांत दुसऱ्याच सुरावर बिऱ्हाड मांडतात आणि फिरून फिरून शेवटी घरी येतात. ते घरी येणं कानाला कळायला लागलं की अर्धं काम झालं. दुसरी गोष्ट, पियानोवर मींड निघत नाही. हातोडी तारेवर पडली की तो सूर त्याच क्षणापासून विझायला लागतो, वादकाला तो वाढवता येत नाही, वळवता येत नाही. मग ही माणसं पियानोवर गातात कसं? विझत चाललेल्या सुराच्या मापानं पुढचा सूर असा ठेवतात की मधली फट आपल्याला जाणवत नाही. हे एकदा ऐकू आलं की विलंबित भागासारखं दुसरं काही नाही, म्हणून मी सगळ्यांना सुरुवात तिथूनच करायला सांगतो.

पहिली पायरी: आज रात्री फक्त पाच मिनिटं

बीथोव्हन ह्या रचनाकाराचा चौथा पियानो कॉन्चेर्टो, जी मेजर (ही त्याची पट्टी), ओपस ५८, त्याचा दुसरा भाग. वादक आर्तुर श्नाबेल, लंडनचं १९३३ चं रेकॉर्डिंग, ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून तो चालवणारा, म्हणजे कंडक्टर, माल्कम सार्जंट. पाचेक मिनिटांचा भाग आहे. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद, इअरफोन लावून ऐका, दुसरं काही करू नका.

मला हे कसं मिळालं ते सांगतो. २००३ च्या आसपास मी संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, कॉलेजला होतो आणि शहागंजात एका भंगारवाल्याकडं कॅसेटचा ढीग बघत बसायचो, गझला, कव्वाल्या, नाट्यगीतं, काय काय निघायचं. त्यात एक कव्हर नसलेली कॅसेट, वर बॉलपेननं इंग्रजीत लिहिलेलं, बीथोव्हन चार, श्नाबेल. दहा रुपयाला घेतली. होस्टेलवर रूममेटच्या टू-इन-वनला लावली तर आधी नुसती खरखर, पाऊस पत्र्यावर पडल्यासारखी, आणि दर चार-एक मिनिटांनी मधेच थांबायचं, खट्ट, परत सुरू. मला वाटलं कॅसेट खराब आहे. पण बंद करायच्या आधी तो दुसरा भाग आला.

सगळी व्हायोलिनं एकसुरात, दरडावल्यासारखं काहीतरी म्हणतात. कोरडं, तुटक. मग शांतता. मग पियानो अगदी हळू उत्तर देतो, पाया पडल्यासारखं नाही, समजूत घातल्यासारखं. परत दरडावणी, परत तेच हळू उत्तर. पियानो एकदाही आवाज चढवून भांडत नाही, आणि थोड्या वेळानं तुमच्या लक्षात येतं की व्हायोलिनांचं बोलणं आखूड होत चाललंय, आवाज उतरत चाललाय. मी ती कॅसेट सुट्टीत घरी आणली. आमचे अण्णा गावच्या भजनी मंडळात पेटीला असायचे, बीथोव्हन हे नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पडवीत बसून सुपारी कातरत होते, मी लावली, ऐकत राहिले आणि म्हणाले, "ह्यो एकटा कोन हाय रं? बाकीचे समदे भांडायलेत आन् ह्यो दमानं सांगायलाय." मी काहीच बोललो नाही. शेवटाकडं व्हायोलिनं अगदी खाली आली तेव्हा अडकित्ता थांबवून म्हणाले, "आता ऐकायलेत बघ त्येचं."

ह्याच्यापेक्षा चांगलं वर्णन मी त्या भागाचं कुठं वाचलं नाही. म्हणून मला कुणी म्हणालं की हे आपल्यासारख्यांना कळत नाही, शिकावं लागतं, तर ते मला पटत नाही.

दुसरी पायरी: खरखरीशी ओळख

नव्या माणसाला जुन्या रेकॉर्डिंगमधे पहिला अडथळा हाच, आवाज चांगला नाही. तीन-चार दिवस द्या. शेतात मोटार चालू असताना आपण बोलतोच ना, थोड्या वेळानं मोटार ऐकूच येत नाही, तसंच कान ती खरखर बाजूला काढायला शिकतो.

ती खरखर कशामुळं ते माहीत असलं तर आणखी सोपं जातं. १९२५ च्या आधी मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच पाडायची, पूर्ण ऑर्केस्ट्रा त्यात धड मावायचा नाही. १९२५ पासून मायक्रोफोन आला आणि पहिल्यांदा पियानो पियानोसारखा ऐकू यायला लागला. तबकड्या लाखेच्या, आपल्या कुसुम-पळसावर किडे करतात तीच लाख, त्यात दगडाची पूड वगैरे मिसळलेली, म्हणून सुई फिरताना खरखर. मिनिटाला ७८ फेरे, मोठ्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार ते साडेचार मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासाच्या कॉन्चेर्टोला आठ-नऊ बाजू लागायच्या, आणि ऐकणारा दर चार मिनिटांनी उठून तबकडी उलटायचा. माझ्या कॅसेटमधला तो खट्ट आवाज म्हणजे कुणीतरी तबकडी उलटत होतं! हे कळलं त्या दिवसापासून तो आवाज मला प्रिय झाला. एलपी आली १९४८ ला, मग कुठं एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायला लागली.

आता जुनंच का. एक तर त्या काळात टेप कापून जोडायची सोय नव्हती. चार मिनिटांची बाजू एका दमात वाजवायची, चुकलं तर पूर्ण बाजू परत, नाहीतर चूक तशीच राहू द्यायची. श्नाबेलच्या रेकॉर्डिंगांमधे चुकलेले सूर सरळ सरळ ऐकू येतात आणि त्याला त्याची फिकीर नव्हती, सूर निसटला तरी वाक्य पूर्ण झालं पाहिजे असं त्याचं वाजवणं. बैठकीत बसून गाणं ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. ही घराण्यांची गोष्ट आहे. श्नाबेलचा जन्म १८८२ चा, तो व्हिएन्नात लेशेटिट्स्कीकडं शिकला, लेशेटिट्स्की चेर्नीकडं शिकलेला आणि चेर्नी हा खुद्द बीथोव्हनचा शिष्य. मोजा, बीथोव्हन, चेर्नी, लेशेटिट्स्की, श्नाबेल. आपण अमुक बुवा अमुक खाँसाहेबांच्या गंड्याचे म्हणून कान टवकारतो, तसंच हे. शूमान नावाच्या रचनाकाराच्या कॉन्चेर्टोचं तर ह्याहून जवळचं आहे. तो १८४५ मधे पहिल्यांदा वाजवला शूमानच्या बायकोनं, क्लारा शूमाननं, आणि क्लाराची शिष्या फॅनी डेव्हिस, तिनं १९२८ मधे तोच कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला. आवाज जुनाट आहे, खरखर भरपूर आहे, पण ज्या बाईनं तो जगाला पहिल्यांदा ऐकवला तिच्या समोर बसून शिकलेले हात आज आपल्या मोबाईलवर ऐकू येतात, मला तर अंगावर काटा येतो. आणि रशियन रचनाकार रखमानिनॉव्हनं स्वतःचेच कॉन्चेर्टो स्वतः वाजवून ठेवलेत, मधे कुणी शिष्यसुद्धा नाही.

आणि वादक एकमेकांपासून लई वेगळे होते. रेडिओ, विमान, स्पर्धा ह्यांनी सगळे एका साच्यात यायच्या आधीचे, त्यामुळं नवख्या कानालासुद्धा दोघांतला फरक पटकन कळतो.

तिसरी पायरी: शोधायचं कसं

यूट्यूबवर जवळपास सगळं मिळतं, फक्त शोधताना रोमन लिपीत रचनाकाराचं नाव, कॉन्चेर्टोचा नंबर, वादकाचं आडनाव आणि साल, एवढं चारही टाका. नुसतं बीथोव्हन पियानो टाकलं तर झोपेसाठी शांत संगीत असलं काहीतरी येतं. नावापुढचं ओपस म्हणजे छापल्याचा क्रम, मोझार्टपुढचा के म्हणजे क्योखेल नावाच्या माणसानं केलेल्या यादीतला नंबर, एवढ्यावर भागतं. इंटरनेट अर्काइव्ह नावाच्या वेबसाइटवर जुन्या तबकड्या जशाच्या तशा उतरवलेल्या आहेत. आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं असतो, त्यामुळं ह्या लेखातली बहुतेक रेकॉर्डिंगं मोकळी झालेली आहेत.

गाण्याच्या ॲपवर ऐकत असाल तर शफल आधी बंद करा, नाहीतर पहिल्या भागानंतर तिसरा लागतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. फुकटच्या प्लॅनमधे दोन भागांच्या मधे जाहिरात येते, काही कॉन्चेर्टोत दुसरा भाग न थांबता तिसऱ्यात शिरतो, तिथं जाहिरात आली की सगळं मातीत जातं, म्हणून मी एका सलग फाईलमधे असलेलं शोधून डाउनलोड करून ठेवतो.

एकाच जुन्या रेकॉर्डिंगच्या चार-पाच आवृत्त्या दिसतील. खरखर पूर्ण पुसलेली घेऊ नका. ती पुसताना पियानोचं तेज पण पुसलं जातं, घोंगडीखाली पियानो ठेवल्यासारखा वाटतो. थोडी खरखर असलेली, पण सूर टोकदार असलेली आवृत्ती चांगली.

नावावर पण डोळे झाकून विश्वास नको. पियानोवादक डिनू लिपात्तीच्या नावानं शोपां ह्या रचनाकाराच्या पहिल्या कॉन्चेर्टोचं एक रेकॉर्डिंग कितीतरी वर्षं विकलं गेलं, लोक रडले ऐकून, आणि १९८१ मधे कळलं की ते हलिना चेर्नी-स्टेफान्स्का ह्या पोलिश बाईंचं वाजवणं आहे. मला ह्यात बाईंबद्दल वाईट वाटतं, इतकं सुंदर वाजवून श्रेय दुसऱ्याला.

चौथी पायरी: महिना एकाच रचनेचा

पहिला आठवडा तोच दुसरा भाग, रोज एकदा. कंटाळा आला तरी ऐका.

दुसऱ्या आठवड्यात पहिल्या भागावर या. साधारण अशा वेळी ऑर्केस्ट्रा आधी बराच वेळ वाजवायचा आणि मग वादक सुरू व्हायचा, अशी रीत होती. बीथोव्हननं इथं उलटं केलं, एकटा पियानो, हळू, पाचच छोटी आवर्तनं, आणि गप्प. मग ऑर्केस्ट्रा उत्तर देतो, तेही हळू, पण षड्ज बदलून! पियानो ज्या सुराला षड्ज धरून बोलला त्याच्या शुद्ध गंधारावर षड्ज ठेवून ऑर्केस्ट्रा बोलतो. पेटी येत असेल तर स्वतः करून बघा, पांढरी पाचचा षड्ज धरा आणि मग तिथला गंधार, म्हणजे पांढरी सात, षड्ज मानून काहीही वाजवा. खोलीत एकदम दुसऱ्या दिशेची खिडकी उघडल्यासारखं होतं. अण्णांनी पेटीवर हे करून बघितलं आणि दोन-तीनदा परत परत केलं, तेव्हा मला कळलं की मी एवढे दिवस नुसतं बरं वाटतंय म्हणून ऐकत होतो ते नेमकं कशामुळं बरं वाटतंय.

तिसऱ्या आठवड्यात तिसरा भाग, तो दुसऱ्याला लागूनच येतो. ट्रंपेट जातीचे कर्णे आणि नगारे बीथोव्हननं आतापर्यंत वापरलेलेच नाहीत, ते इथं पहिल्यांदा येतात. ते येण्याची वाट बघा.

चौथ्या आठवड्यात सगळं सलग, बत्तीस-तेहतीस मिनिटं. आणि ऐकायच्या आधी हे डोळ्यापुढं आणा, २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना, कडाक्याची थंडी, थिएटर गरम करायची सोय धड नाही, चार तासांचा कार्यक्रम, त्यात बीथोव्हनची पाचवी आणि सहावी सिंफनी (म्हणजे नुसत्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना) पण पहिल्यांदाच, आणि हा कॉन्चेर्टो वाजवायला स्वतः बीथोव्हन पियानोवर. कान बरेच गेलेले होते. त्यानंतर लोकांसमोर कॉन्चेर्टो वाजवायला तो बसला नाही.

महिना लई झाला असं वाटेल. पण आपल्याकडं एक राग वर्ष-वर्ष घोटून घेतात, त्या मानानं महिना काहीच नाही. दहा कॉन्चेर्टो एकेकदा ऐकणारा सगळे विसरतो, एक तीसदा ऐकणाऱ्याला अकरावा कॉन्चेर्टो पहिल्या फटक्यात ओळखीचा वाटतो, हे मी आमच्या गुरुजींच्या बाबतीत बघितलंय.

पाचवी पायरी: एकच रचना, दोन वादक

आता रखमानिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्टो, सी मायनर. पहिल्या सिंफनीचा १८९७ मधे इतका बोजवारा उडाला की ह्या माणसाचं लिहिणंच बंद पडलं, खोल नैराश्य. डॉक्टर निकोलाय डाल नावाच्या माणसानं त्याच्यावर उपचार केले, तो परत लिहायला लागला आणि १९०१ मधे हा कॉन्चेर्टो पूर्ण झाला, अर्पण केला त्या डॉक्टरलाच. माझ्या एका दोस्ताला त्याच्या वाईट काळात मी हाच ऐकवला होता आणि डॉक्टरची गोष्ट सांगितली होती, तो आजही अधूनमधून त्याबद्दल बोलतो.

सुरुवात एकट्या पियानोची. आठ भरघोस आघात, लांब कुठंतरी घंटा वाजावी तसे, पहिला अगदी हळू आणि मग प्रत्येक वेळी मोठा. आधी स्वतः रखमानिनॉव्हचं १९२९ चं ऐका, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर स्टोकोव्हस्की. तो त्या घंटांवर रेंगाळत नाही, सरळ पुढं जातो, स्वतःच्या दुःखाचं प्रदर्शन न करणाऱ्या माणसासारखा. मग स्व्यातोस्लाव्ह रिख्टरचं ऐका, वॉर्सा, १९५९. तो प्रत्येक घंटा वाजवून तिचा नाद पूर्ण पसरू देतो, पुढची येणार की नाही अशी भीती वाटेपर्यंत. दोघांच्या नुसत्या पहिल्या भागात मिनिटाहून जास्त फरक पडतो, कागदावरचे सूर तेच. बरोबर कोण? लिहिणारा स्वतः एका बाजूला आहे, तरी मला दुःखाचं म्हणाल तर रिख्टर जवळचा वाटतो. तुम्हाला उलटं वाटेल, आणि असं मत व्हायला लागलं म्हणजे तुम्ही आता नवखे राहिला नाहीत.

मग पुढं काय ऐकायचं

शूमान, डिनू लिपात्ती, १९४८. लिपात्ती रुमानियाचा, रक्ताच्या कॅन्सरसारखाच एक आजार, हॉजकिन्स, त्यानं १९५० मधे तेहतिसाव्या वर्षी गेला. ह्या रेकॉर्डिंगमधे कुठं घाई नाही, कुठं जोर दाखवणं नाही. फॅनी डेव्हिसच्या शेजारी ठेवून ऐका.

मोझार्टचा विसावा, डी मायनर, के ४६६, १७८५ चा, वाजवणारी क्लारा हास्किल, १९६० चं रेकॉर्डिंग. ऑर्केस्ट्रा खर्जात धुमसत राहतो, आभाळ भरून आल्यासारखं, आणि पियानो येतो तो ऑर्केस्ट्रानं म्हटलेलं काहीच न म्हणता स्वतःचं वेगळंच, एकट्यानं, साधंसं वाक्य घेऊन. हास्किलचं आयुष्य आजारपणात आणि युद्धाच्या पळापळीत गेलं, नाव झालं ते उतारवयात, आणि हे रेकॉर्डिंग झालं त्याच वर्षी डिसेंबरात ब्रसेल्सच्या स्टेशनवर पडून ती गेली. हे माहीत नसतानाही ते वाजवणं तसंच ऐकू येतं, मी आधी ऐकलं होतं आणि नंतर वाचलं.

चायकोव्हस्कीचा पहिला, व्हॅन क्लायबर्न, १९५८. शीतयुद्धाच्या ऐन काळात तेवीस वर्षांचा अमेरिकन पोरगा मॉस्कोत जाऊन स्पर्धा जिंकून आला. ह्यातली सुरुवातीची ती भव्य चाल सगळ्यांना तोंडपाठ असते, पण पुढं अख्ख्या कॉन्चेर्टोत ती परत येतच नाही, लक्ष ठेवून बघा.

आणि बीथोव्हनचा पाचवा, ज्याला एम्परर म्हणतात. पियानोवर एडविन फिशर आणि कंडक्टर फुर्टवेंग्लर, १९५१. हा मी पहिल्यांदा नीट ऐकला तो शेतात. रात्री बाराची लाईट, हरभऱ्याला पाणी, थंडी मरणाची, मी बांधावर घोंगडी घेऊन बसलेलो आणि कानात दुसरा भाग. वरून पियानोचे सूर थेंबथेंब उतरतात. त्या भागाच्या शेवटी सगळं थांबतं, एकच सूर लांबत राहतो आणि तो अर्ध्या सुरानं खाली सरकतो, बस एवढंच, आणि त्या अंधारात पियानो पुढच्या भागाची चाल चाचपडून बघतो, एकदा, दोनदा, आणि मग एकदम उसळी. मी दुसऱ्या वाफ्याला पाणी द्यायचं विसरलो होतो, पाणी बांधावरून धुऱ्यापर्यंत गेलं होतं.

ह्याच कॉन्चेर्टोचं वॉल्टर गीझेकिंगचं एक रेकॉर्डिंग आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडं बर्लिनच्या रेडिओत टेपवर केलेलं, आणि चक्क स्टिरिओ. हळू जागांमधे नीट कान दिला तर मागं लांबवर दणके ऐकू येतात, विमानविरोधी तोफांचे. शहरावर बॉम्ब पडतायत आणि आत माणसं बीथोव्हन वाजवतायत. सुरुवातीलाच हे ऐकू नका, रचना ओळखीची झाल्यावर ऐका.

खऱ्या तबकड्या हातात आल्या तर

कुणाच्या माळवदावर, कुणाच्या जुन्या पेटीत तबकड्या निघतात, निजामाच्या काळात हैदराबादहून आलेल्या वगैरे. लाखेची तबकडी जड असते आणि खाली पडली की बशीसारखी फुटते. ती स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं कधीच पुसू नका, अल्कोहोलमधे लाख विरघळते, खाचा जातात. थोडं साधं पाणी, मऊ कापड, गोल फिरवत, कागदी लेबल वाचवून, लगेच कोरडं. एलपीच्या सुईवर ७८ ची तबकडी लावू नका, तिची खाच रुंद असते, तिला जाड सुई वेगळी मिळते. एलपी असतील तर आपल्याकडचा उन्हाळा हाच मोठा शत्रू, एप्रिल-मे मधे पत्र्याच्या खोलीत ठेवल्या तर पापडासारख्या वाकतात, आणि एकदा वाकलेली सरळ होत नाही. एकावर एक रचू नका, वहीसारख्या उभ्या ठेवा, घरातल्या सगळ्यात गार भिंतीला. सूटकेससारखे स्वस्त प्लेअर मिळतात त्यांचा हात जड असतो, रोज लावायच्या तबकडीला ते चांगले नाहीत.

ऐकायला मात्र तबकड्या हव्यातच असं अजिबात नाही. माझ्याकडं आजही प्लेअर नाही.

आणि एकदा तरी समोर बसून

मुंबईत एनसीपीए नावाच्या नाट्य-संगीत केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, त्यांच्या कार्यक्रमात बाहेरून पियानोवादक येतात. परभणीहून देवगिरीला बसलं की सकाळी सीएसएमटी. दोन-चार महिने आधी त्यांचं वेळापत्रक बघा, त्यात कुठला कॉन्चेर्टो आहे ते बघा, आणि त्याचं जुनं रेकॉर्डिंग धरून घरी महिनाभर ऐकून मगच जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाजायला लागायच्या आधीच्या त्या काही सेकंदांत मी नकळत खरखरीची वाट बघत होतो, आणि ती आली नाही, सरळ पियानोच आला. तिकीट काढताना स्टेजकडं तोंड करून डावीकडची खुर्ची घ्या, पियानोच्या पट्ट्या त्या बाजूला असतात, तिथून हात दिसतात.